गंगेत घोडं न्हालं

वुस्टरला लागून असलेल्या आमच्या श्रूजबरीत एप्रिल लागला की दोन गोष्टी बर्फाखालून वर येतात. एक, मागच्या वर्षीची कुजकी पानं. दुसरी, शेजारच्या काकूंच्या गप्पा. हिवाळाभर आम्ही खिडकीतून हात करतो, फोनवर बोलतो, संक्रांतीला तिळगूळही होतो. पण फोनवरचं बोलणं वेगळं आणि कुंपणावरचं वेगळं. तिथे कोपर टेकवायला आडवी फळी लागते आणि गॅसवर काहीतरी ठेवून आल्याची धाकधूक लागते. त्याशिवाय बातमीला चव येत नाही.

परवा काकू कढीपत्त्याची कुंडी घेऊन बाहेर आल्या. दिवसा ऊन दाखवायचं, संध्याकाळी आत, असा मे उजाडेपर्यंत त्यांचा त्या झाडाशी लपंडाव चालतो. कुंडी ठेवली, फळीवर कोपर टेकवलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या,

“अगं, कळलं का तुला? आमच्या नातवाला बादलीत घातलाय.”

पानं ओढायचा पंजा मी तिथेच टाकला.

“म्हणजे काय काकू?”

“म्हणजे बादलीत! छताला दोरी, दोरीला बादली, बादलीत पोराचे दोन्ही पाय. आणि हातांनी एका अळंबीभोवती गोल गोल फिरायचं. हे शिकवायला महिन्याचे पैसे घेतात. बादलीच हवी होती तर मी घरची दिली असती, दोन दिल्या असत्या.”

मग उलगडा झाला. नातू सात वर्षांचा. हिवाळ्यात त्याला मुलांच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला घातलं, आणि तिथे आता पॉमेल हॉर्सची तयारी सुरू आहे. खरं घोडं फार पुढे. आधी घुमटासारखं एक बुटकं साधन असतं, त्याला मशरूम म्हणतात. काकूंनी त्याची अळंबी केली ती काही चूक नाही. त्यावर हात टेकून अंग गोल फिरवायचं. पायांचं वजन सांभाळणं लहान पोरांना झेपत नाही, म्हणून पाय टांगलेल्या बादलीत. हात शिकले की बादली जाते, अळंबी शिकली की घोडं येतं.

“आणि हे सगळं कुणामुळे? त्या निडरमुळे,” काकू म्हणाल्या.

निडर म्हणजे स्टीफन नेडॉरसिक. आमच्या पलीकडच्या वुस्टरचा मुलगा. ज्या गावाचं नाव लिहायचं ‘वॉर्सेस्टर’ आणि म्हणायचं ‘वुस्टर’, तिथली माणसं दुसऱ्यांच्या नावांचीही अडचण समजून घेतात. त्यामुळे काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘निडरसिक’ केलं आणि आठवड्याभरात नुसतं ‘निडर’, याचं कुणाला वाईट वाटलं नसेल. “नावातच निडर आहे गं,” असं त्या कौतुकाने सांगतात. कौतुक आता. सुरुवातीला तसं नव्हतं.

मला तो दिवस चांगला आठवतो. 29 जुलै 2024, सोमवार. पॅरिसला संध्याकाळ, आमच्याकडे साडेअकराचं ऊन. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भेंडी चिरत होते. काकूंचा फोन आला.

“टीव्ही लाव. ऑलिम्पिक चाललंय आणि आपला एक मुलगा खुर्चीत झोपलाय.”

लावला. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी. अमेरिकेचे पाच जण: ब्रोडी मलोन, फ्रेडरिक रिचर्ड, अ‍ॅशर हाँग, पॉल जूडा हे चौघे आळीपाळीने रिंग्जवर, व्हॉल्टवर, बारवर घाम गाळत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, ओरडत होते. आणि पाचवा चष्मा घालून बाजूला बसलेला. मान मागे, डोळे मिटलेले. रिंग्ज झाल्या, व्हॉल्ट झाला, पॅरलल बार झाले, हाय बार झाला, फ्लोअर झालं. हा जागचा हलेना.

“हा कोण गं? संघाचा हिशेबनीस वाटतोय,” काकू फोनवर.

“काकू, त्याला फक्त शेवटचं करायचंय. घोडं.”

“फक्त? साडेतीनशे कोस लांब नेलाय त्याला एकाच कामासाठी?”

“साडेतीन हजार मैल,” मागून काकांचा आवाज. काका वीज मंडळातून निवृत्त. आकडा चुकलेला त्यांना जेवणातल्या खड्यासारखा लागतो.

टीव्हीवाल्यांनाही या स्थितप्रज्ञाची गंमत वाटली असावी. त्याची पाळी यायला किती वेळ उरला, याचं उलटं घड्याळच त्यांनी पडद्यावर लावलं. लोकांनी तोवर फोनवर त्याला सुपरमॅनचा क्लार्क केंट करून टाकलं होतं. तिकडे चीनचा सू वेइदे हाय बारवरून दोनदा पडला आणि जपानच्या पदरात सुवर्ण पडलं. पण आमच्या गल्लीत त्या दिवशी चीन-जपानकडे लक्ष कुणाचं होतं?

मग तो उठला. चष्मा काढला. घोड्याकडे गेला.

काकू परवा कुंपणावर हे सांगायला लागल्या तेव्हा त्यांनी कुंडी पायाने बाजूला सारली आणि फळीवर दोन्ही तळवे ठेवले. “असे हात. आणि सगळं अंग या दोन हातांवर. एक हात उचलायचा तेव्हा अख्खा माणूस एका हातावर! पाय खालून जाणार, वरून येणार, पण लाकडाला लागायचे नाहीत.” लाकूड नसतं ते, वरून चामडं असतं, पण मी बोलले नाही. त्यांनी टाचा किंचित वर केल्या. फळी करकरली. आतून काका ओरडले, “अहो, मागच्या वर्षीच बदललीय ती!”

तशी काकूंची समजूत अगदी बरोबर आहे. घोडं म्हणजे 160 सेंटीमीटर लांब, 35 सेंटीमीटर रुंद ठोकळा, वर दोन मुठी. शंभर माणसांना विचारलं तर नव्व्याण्णव म्हणतील, रिंग्ज भयंकर, हाय बार भयंकर. जिम्नॅस्ट लोकांना विचारा, ते घोड्याचं नाव घेतात. इतर साधनांवर क्षणभर तरी श्वास घ्यायला जागा असते. इथे थांबायचंच नसतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मुठींवर, मुठींच्या मध्ये, मुठी सोडून, अंग सतत फिरतं राहिलं पाहिजे. पाय जुळवून चक्रं, पाय फाकवून फ्लेअर, कात्री, शेवटी हातांवर सरळ उभं राहून उतरायचं. मध्ये लय अडखळली की गुण गेले. गुडघा वाकला, गेले. बूट घासला, गेले. पडलात तर एक अख्खा गुण गेला. आणि हे सगळं पाऊण मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात आपली कुकरची शिट्टीसुद्धा होत नाही.

काका तोवर चहाचा कप घेऊन बाहेर आलेच. लहानपणी दादरला राहायचे, शिवाजी पार्कला मल्लखांब करायचे. सत्तरी उलटली तरी खांबाचा विषय निघाला की पाठ ताठ होते.

“आमचं उलटं होतं,” ते म्हणाले. “खांबाला एरंडेल चोळलेलं. त्या गुळगुळीत लाकडाला पायांनी अढी मारायची, सगळा जीव मांड्यांत. आणि या घोड्यावर पाय लावलात की गुन्हा. हाताला खडूची पूड चोळतात, आम्ही खांबाला तेल.”

“म्हणून तुमचे पाय अजून तेवढे दुखतात,” काकू. “तू ऐक गं. मी काय म्हणत होते?”

त्या म्हणत होत्या ते हे, की त्या सोमवारी त्या चिडल्या होत्या. मनापासून. “पाच जणांच्या संघात जागा किती? पाच. कामं किती? सहा. आणि त्यातला एक माणूस पाच कामांना हात लावणार नाही. बाकीच्या चौघांनी राबायचं. आमच्या घरात असतं तर सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माहेरी पाठवलं असतं.”

आणि हे बोलणाऱ्या काकू एकट्या नव्हत्या. जूनमध्ये मिनियापोलिसला निवड चाचणी झाली, तेव्हाच हा वाद पेटला होता. कुणाला घेतलं तर प्रत्येक साधनावरच्या तीन-तीन जणांच्या गुणांची बेरीज सर्वांत मोठी येते, हे मांडून बघतात आणि त्यावरून संघ ठरतो. त्या बेरजेने एका साधनाच्या माणसाला आत घेतलं. शेन विस्कस, जो मिनेसोटा विद्यापीठातच शिकला, टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला, सगळ्या साधनांवर उभा राहतो, तो आपल्याच गावच्या प्रेक्षकांसमोर राखीव खेळाडू ठरला. मला त्याचं वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. निडरचं कौतुक करताना लोक त्याला सोयीस्कर विसरतात, हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं.

“विसरत नाही गं. पण तू लग्नाचा आचारी पाहिलायस ना?”

विषय कुठे निघाला ते मला कळेना.

“आमच्या नणंदेच्या लग्नात आचाऱ्याने सगळं केलं. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, सगळं झकास. पण जिलबीला वेगळा माणूस बोलावला. तो आला तो दुपारी. पाट घेऊन बसला, तंबाखू मळत. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, हा फुकट्या कोण? मग कढई तापली. त्याने फडकं हातात घेतलं आणि अशी जिलबी सोडली, अशी सोडली, की वरपक्ष बाहेर येऊन बघत उभा. त्याला भात लावायला सांगितलं असतं तर करपवला असता. पण त्या दिवशी पंगतीत नाव कुणाचं झालं? तेव्हा मला उमगलं, हा निडर म्हणजे जिलबीवाला आहे.”

काकूंचं हे मत पालटायला किती वेळ लागला होता, ते मात्र मी सांगते: बरोबर एक खेळी. त्याला 14.866 गुण मिळाले, बाकीच्यांनी त्याला उचलला आणि फोनवर काकू रडत होत्या. सोळा वर्षांनी अमेरिकेच्या पुरुष संघाला पदक. कांस्य. लंडनला पाचवे, रिओला पाचवे, टोकियोला पाचवे. तीन ऑलिम्पिकं हे घोडं त्या पाचव्या नंबरावरच पेंड खात होतं.

“तसं त्याने पाडलं असतं तरी पदक मिळालं असतं,” काका चहाचा घोट घेत म्हणाले.

मी आणि काकू दोघी त्यांच्याकडे वळलो.

“हिशेब साधा आहे. अमेरिकेचे एकूण 257.793. त्यातून याचे 14.866 वजा करा, उरले 242.927. चौथ्या आलेल्या ब्रिटनचे 255.527. म्हणजे याला 12.6 च्या वर मिळाले की पुरे. एकदा पडला असता, एक गुण गेला असता, तरी…”

“तुमचं गणित चुलीत घाला.”

“गॅस आहे आपल्याकडे.”

“मग गॅसवर ठेवा! तो माणूस तीन तास खुर्चीत बसलाय, त्याच्या पोटात गोळा, आणि तुम्ही वजाबाक्या करताय.”

मला मात्र काकांची वजाबाकी आवडली. कारण तीच उलटी केली तर त्याला का घेतला ते कळतं. घोडं हे अमेरिकन पुरुषांचं जुनं दुखणं. सगळीकडे कमावलेलं तिथे येऊन सांडायचं. तेरा-साडेतेराच्या जागी पंधराच्या आसपास आणणारा एक माणूस हाताशी असेल, तर गुण वाढतात ते वाढतातच, पण बाकीच्या चौघांच्या छातीवरचा दगडही उतरतो. शेवटी घोडं आहे, पण शेवटी हा आहे. त्या चौघांनी त्या दिवशी जे मोकळेपणाने हातपाय सोडले, त्यात खुर्चीतल्या त्या झोपाळूचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही.

“आणि झोपला नव्हता बरं का,” मी काकूंना म्हटलं. “मनात खेळी घोळवत होता.”

“ते मला माहितीये. शिवाय त्याचे डोळे अधू आहेत, ते तुला माहितीये?”

माहीत होतं, पण कुंपणावर ‘माहीत आहे’ म्हणायचं नसतं. मी मान हलवली, आणि काकूंनी सगळं रीतसर सांगितलं. त्याला जन्मतःच तिरळेपणा आहे, आणि शिवाय कोलोबोमा म्हणून एक दोष: डोळ्याची रचना पुरी व्हायच्या आधीच कुठेतरी खाच राहून गेलेली. उजेडाचा फार त्रास होतो. पूर्वी तो खेळताना पट्टा लावलेला मोठा गॉगल घालायचा, पॅरिसला तो नव्हता. चष्मा काढल्यावर समोरचं नीट दिसत नाही, पण घोड्यावर बघायचंय काय? ते हातांना कळतं. कुठे मूठ, कुठे चामडं, कुठे टोक.

“मी पोळ्या लाटताना बघते का?” काकू म्हणाल्या. “टीव्हीकडे तोंड असतं माझं.”

आता एवढ्यावर थांबतील त्या काकू कसल्या. घराणं, शिक्षण, लग्न या तीन स्टेशनांवर गाडी थांबल्याशिवाय आमच्या कुंपणावरून कुणी पुढे जात नाही.

घराणं साधं, वुस्टरचं. चार वर्षांचा असताना भिंतींवर चढायचा म्हणून जिम्नॅस्टिक्सला घातला. “म्हणजे आमच्या नातवासारखाच!” शिक्षण वुस्टर टेक्निकल हायस्कूलमध्ये. ही आपल्याकडच्या आयटीआयच्या वळणाची सरकारी शाळा. तिथे मुलं वायरिंग शिकतात, सुतारकाम शिकतात, स्वयंपाकही शिकतात. काकूंना आधी वाटलं होतं की अशा शाळेत ‘ती’ मुलं जातात. मग पोरगा पेन स्टेटला गेला, इलेक्ट्रिकल इंजिनियर झाला, हे कळलं आणि काकांच्या मनातली त्याची किंमत तिथल्या तिथे दुप्पट झाली. “इलेक्ट्रिकल?” त्यांनी तेव्हा दोनदा विचारलं होतं. पदक गौण.

पेन स्टेटला असताना 2017 आणि 2018 अशी दोन वर्षं तो घोड्यावर कॉलेजांचा राष्ट्रीय विजेता. कॉलेजांचं म्हटलं तर ते जग आता आक्रसत चाललंय. एवढ्या मोठ्या देशात पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सचे संघ पंधराएक कॉलेजांतच उरलेत. फुटबॉलवर पैसा ओततात आणि हे बंद करतात. तेवढ्यातूनच ऑलिम्पिकचे जिम्नॅस्ट यायचे. याबद्दल मी कुंपणावर दहा मिनिटं बोलले, काकूंनी जांभई दिली, तेव्हा इथेही आवरतं घेते.

बुद्धीचा म्हणाल तर रुबिकचा तो रंगीत ठोकळा दहा सेकंदांच्या आत सोडवतो. पॅरिसलाही सोबत नेला होता. काकूंच्या नातवाला निडरचं वेड लागलं ते पदकामुळे नव्हेच, या ठोकळ्यामुळे. त्याच्या सात वर्षांच्या बुद्धीने एक साखळी जुळवली: ठोकळा येतो, म्हणजे घोडं येईल. बादलीपर्यंत ती साखळी येऊन पोचलीय.

आणि लग्न? “मैत्रीण आहे,” काकूंनी आवाज खाली आणला. “तीही जिम्नॅस्टिक्सचीच. छान आहे. मला उगाच त्या नाचाच्या वेळी काळजी वाटत होती.”

नाच म्हणजे ‘डान्सिंग विथ द स्टार्स’. पॅरिसहून परतल्यावर हा थेट त्या कार्यक्रमाच्या तेहतिसाव्या हंगामात. जोडीला रायली अर्नोल्ड. दर मंगळवारी काकूंच्या घरी भजन नाही, फोन नाही, कुकरसुद्धा नाही. “इतकी वर्षं पाय अधांतरी ठेवलेला माणूस,” त्या म्हणायच्या, “आता बघ, पाय जमिनीला लागल्यावर गोंधळलाय बिचारा.” पण शिकला पठ्ठ्या. अंतिम फेरीत पोचला आणि चौथा आला. काकूंच्या मते दुसरा यायला हवा होता. का, तर त्याने मेहनत घेतली. परीक्षकांवरचा त्यांचा राग मात्र अजून ताजा आहे. कढीपत्त्याला पाणी घालताना एकदा तरी निघतोच.

या सगळ्या गुळात एक कडू बीही आहे, आणि ते काकूंना सांगितलं की त्यांना खपत नाही. टोकियोच्या वेळी हाच मुलगा मागे राहिला होता. 2021 ची निवड चाचणी सेंट लुइसला झाली. घोड्यासाठी एक वैयक्तिक जागा होती, याचं तिथे बिनसलं आणि ती जागा अ‍ॅलेक योडरला मिळाली. घरी बसून त्याने ऑलिम्पिक पाहिलं असेल, नसेल. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानच्या किताक्युशूला जागतिक स्पर्धा झाली आणि तिथे हा घोड्यावर सुवर्ण घेऊन आला. घोड्यावर जगज्जेता होणारा पहिला अमेरिकन. गाव म्हणाल तर तेव्हा आमच्या किराण्याच्या दुकानातसुद्धा कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. जगज्जेता होऊन आला तरी शेजाऱ्यांना पत्ता नाही, आणि कांस्य घेऊन आला तर घराघरांत फोटो. काकूंना हे मी विचारलं, असं का?

“अगं, तेव्हा त्याला खुर्चीत बसलेला कुणी पाहिला होता का?”

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

“आणि तसं म्हटलं तर आपलाही एक होता की,” काका मध्येच म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं असतं; चहा संपायला आला की काढतात. “2008, बीजिंग. राज भावसार.”

भावसार! काकूंचे कान उभे. “आपले भावसार की गुजरातचे?”

“ह्यूस्टनचे,” काका शांतपणे.

ती गोष्ट खरोखर ऐकण्यासारखी आहे. भावसार भारतीय वंशाचा, रिंग्जचा पक्का. 2004 ला राखीव, 2008 ला पुन्हा राखीव. मग पॉल हॅम हाताच्या दुखापतीने बाहेर पडला आणि याला जागा मिळाली. हॅमचा जुळा भाऊ मॉर्गनही ऐनवेळी गळला आणि दुसरा राखीव, अलेक्झांडर आर्टेमेव्ह, आत आला. म्हणजे राखीवांच्या भरवशावरचा संघ. आणि त्या दिवशीही अमेरिकेचं शेवटचं साधन कोणतं? घोडं. शेवटचा कोण? आर्टेमेव्ह. त्याने ते साधलं आणि कांस्य आणलं. सोळा वर्षांनी पॅरिसला अगदी तीच पाटी, तोच शेवटचा घोडेस्वार, तेच पदक.

“म्हणजे राखीवातलाही जातो बरं का कधी,” काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. विस्कसचं त्या विसरल्या नव्हत्या तर.

मीही मग माझं ठेवणीतलं काढलं. पॅरिसच्या त्या सोमवारी टीव्हीवर समालोचन करत होता तो टिम डॅगेट. मॅसॅच्युसेट्सचाच, वेस्ट स्प्रिंगफील्डचा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं त्यात हा होता, हाय बारवर पुरे दहा. तीन वर्षांनी रॉटरडॅमला व्हॉल्टवरून उतरताना पाय असा मोडला की जाता जाता राहिला. पण काकू, त्याचं वैयक्तिक पदक कोणतं माहितीये? लॉस एंजेलिसला, घोड्यावर, कांस्य.

“हो? आणि निडरला त्या शनिवारी एकट्याला मिळालं तेही…”

“तेही घोड्यावर, कांस्य. चाळीस वर्षांनी.”

3 ऑगस्टची ती घोड्याची वैयक्तिक अंतिम फेरी. आयर्लंडचा रीस मॅक्लेनाघन 15.533, कझाकस्तानचा नरिमन कुर्बानोव्ह 15.433, आपला निडर 15.300. ब्रिटनचा मॅक्स व्हिटलॉक, ज्याने आधीच्या दोन्ही ऑलिम्पिकात हे घोडं जिंकलं होतं, तो चौथा. यावेळी मात्र काकांना वजाबाकीला वाव नव्हता. पडला असता तर सगळंच गेलं असतं. ते मुकाट्याने टाळ्या वाजवत होते, असं काकूंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी कुंपणावरून माझ्याकडे एक वाटी आली, वर स्टीलची ताटली झाकलेली. उघडून पाहिलं तर जिलबी. एडिसनहून कुणीतरी आणलेली, थोडी चिवट झालेली. निरोप: ‘गंगेत घोडं न्हालं.’

परवा मात्र बोलणं तिथवर येईपर्यंत काकूंच्या स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि त्या पळाल्या. जाता जाता म्हणाल्या, “तुझ्याकडे कपडे वाळत घालायची ती जाड दोरी आहे ना? असू दे जरा दोन दिवस.”

दिली. कशाला हवी ते विचारलं नाही, कुंपणावरचा शिष्टाचार.

काल सकाळी त्यांच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आतून आधी ‘धप्’ असा आवाज आला, मग भांडं गडगडल्यासारखा, मग काकूंचं “अगंबाई!” मी फळीवरून वाकून पाहिलं. छताच्या हुकाला माझी दोरी, दोरीला होम डेपोची नारिंगी बादली, हेलकावे खात. नातू कोपऱ्यात उभा, तोंडावर हात घेऊन हसू दाबत. खाली जुन्या गादीवर बसलेले काका, एक चप्पल पायात, दुसरी बादलीत.

“खांबावर असं कधी झालं नव्हतं,” ते म्हणाले.

काकूंनी त्यांना हात दिला, उठवलं, गुडघा चाचपून पाहिला आणि माझ्याकडे वळून बोट वर केलं.

“एक अख्खा गुण गेला गं.”